खाणीच्या पाण्याचं भविष्य दगडात कसं वाचतात

खाणीचा पहिला सुरुंग उडण्याच्या कितीतरी वर्षं आधी तिच्या पाण्यावर काम सुरू झालेलं असतं. त्या वेळी तिथे खड्डा नसतो, ढिगारे नसतात, बिघडलेलं पाणीही नसतं. असतात ते जमिनीत खोल ड्रिल करून काढलेले दगडाचे लांब दंडगोल, पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवलेले. आणि त्यांच्याकडे बघून द्यायचं एक उत्तर : हा डोंगर फोडला, त्यातला नको असलेला दगड शेजारच्या दरीत रचला, त्या ढिगाऱ्यावर पन्नास पावसाळे गेले, तर त्याच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्यात काय असेल?

खाण प्रकल्पातल्या वरिष्ठ जलगुणवत्ता तज्ज्ञाचं काम म्हणजे हे उत्तर काढणं आणि त्याखाली सही करणं. हुद्द्याचं नाव ऐकलं की नदीकाठी वाकून बाटल्या भरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बाटल्या भराव्या लागतातच, पण ते काम बहुतेक वेळा तरुण सहकारी करतात. वरिष्ठाचा बराचसा वेळ दगडांच्या चाचण्या वाचण्यात, आराखडे तपासण्यात आणि खाण इंजिनिअरांशी वाद घालण्यात जातो. कारण पाणी बिघडणार की नाही हे ठरतं ते दगड कुठे टाकला, कसा टाकला आणि किती दिवस उघडा ठेवला यावर. ओढ्याच्या नमुन्यात धातू सापडेपर्यंत निर्णयाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

गंधक, हवा आणि पाणी

तांबं, जस्त, शिसं, निकेल यांची बरीचशी खनिजं सल्फाइड स्वरूपात, म्हणजे गंधकाशी जोडलेली असतात. त्यांच्या सोबतीला पायराइट जवळजवळ ठरलेलं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं पिवळं, चकाकणारं खनिज. जमिनीखाली हवेपासून दूर असताना ते कोट्यवधी वर्षं काही न होता पडून राहतं. दगड फोडला की त्याचे असंख्य तुकडे होतात, नवे पृष्ठभाग उघडे पडतात, तिथे हवा आणि पावसाचं पाणी पोहोचतं आणि पायराइटपासून गंधकाम्ल तयार व्हायला लागतं. हे आम्ल मग दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम, ॲल्युमिनियम विरघळवून सोबत नेतं.

खरी गोम पुढे आहे. या प्रक्रियेत सुटलेलं लोह हवेमुळे आणखी ऑक्सिडीकृत होतं आणि ते लोह स्वतःच पायराइटवर हल्ला करतं. म्हणजे एकदा चक्र सुरू झालं की ते स्वतःला खतपाणी घालतं. पाणी बरंच आम्ल झालं की लोहाचं हे ऑक्सिडीकरण खरं तर फार मंद व्हायला हवं. पण तिथे ‘ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’सारखे जीवाणू कामाला लागतात. इतर सजीव जिथे तग धरत नाहीत तिथे ते लोहावर जगतात आणि ही क्रिया दहा लाख पटींपर्यंत वेगवान करतात. कोळशाच्या खाणीच्या आम्ल पाण्यातून असे जीवाणू पहिल्यांदा वेगळे काढले गेले ते १९४७ मध्ये. त्याआधी हा बहुतांशी रसायनशास्त्राचाच मामला समजला जात होता.

याची टोकाची स्थिती कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत दिसते. तिथे जमिनीखाली साठलेल्या पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) उणे ३.६ इतका मोजला गेला. शाळेत सामूची पट्टी ० ते १४ शिकवतात. ती पट्टी व्यवहारापुरती आहे, निसर्गाने ती पाळलीच पाहिजे असं नाही. स्पेनमधली रिओ तिंतो नदी तर आजही लालसर आणि अतिशय आम्ल आहे. तिच्या खोऱ्यात सुमारे ५,००० वर्षांपासून खाणकाम झालं आहे. तिथल्या आम्लतेचा काही भाग निसर्गतःच होता, काही माणसाने वाढवला. दोन्हींची वाटणी नेमकी किती, यावर अभ्यासकांनी बराच खल केलेला आहे.

आम्ल पाण्याला निदान एक गुण आहे : ते दिसतं. ओढा नारिंगी होतो, दगडांवर गंजाचा थर बसतो, कुणीतरी ओरड करतं. फसवं असतं ते तटस्थ सामूचं पाणी. ढिगाऱ्यात चुनखडीसारखी खनिजं भरपूर असतील तर तयार झालेलं आम्ल जागच्या जागी शमतं, सामू ७ किंवा ८ राहतो, पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि तरीही त्यात जस्त, आर्सेनिक, मॉलिब्डेनम, सेलेनियम, सल्फेट असू शकतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एल्क खोऱ्यातल्या कोळसा खाणींचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. तिथला दगड आम्ल करत नाही, पण ढिगाऱ्यांतून सेलेनियम झिरपतं. सेलेनियम अन्नसाखळीत साठत जातं, माशांच्या अंड्यांत उतरतं आणि पिल्लांमध्ये व्यंग निर्माण करतं. २०२१ मध्ये या प्रदूषणाबद्दल टेक कोल कंपनीला ६ कोटी कॅनेडियन डॉलर भरावे लागले. सामू ठीक, म्हणजे पाणी ठीक, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे खोरं अभ्यासावं.

आणखी एक स्रोत नवख्यांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे स्फोटकं. खाणीत सर्वाधिक वापरलं जाणारं स्फोटक म्हणजे साधारण ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि उरलेलं इंधन तेल. ते पाण्यात सहज विरघळतं. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकात पाणी असेल, भरताना सांडलं असेल किंवा नीट पेटलं नसेल, तर उरलेलं नायट्रेट आणि अमोनिया दगडासोबत ढिगाऱ्यात जातं आणि कित्येक वर्षं धुपून बाहेर येत राहतं. म्हणून पाण्याचा तज्ज्ञ सुरुंगवाल्यांच्या नोंदवह्या चाळताना दिसला तर नवल नाही. ओल्या भोकांमध्ये पाण्याला दाद न देणारं इमल्शन प्रकारचं स्फोटक वापरा, एवढी एक शिफारसही पुढे उभारायच्या शुद्धीकरण यंत्रणेचा आकार कमी करू शकते.

एक किलो दगड आणि कोट्यवधी टन ढिगारा

दगड पुढे कसा वागेल हे कसं ओळखायचं? पहिली पायरी जमाखर्चाची आहे. दगडात आम्ल तयार करण्याची क्षमता किती आणि ते शमवण्याची क्षमता किती, हे मोजायचं. दोन्ही बाजू एकाच एककात मांडतात : एक टन दगडामागे किती किलो कॅल्शियम कार्बोनेट. दगडात पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असेल तर त्याचं आम्ल शमवायला टनामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. हा आकडा या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो.

समजा एका नमुन्यात गंधक ०.६ टक्के निघालं. आम्लाची बाजू झाली १८.७५ किलो. शमवण्याची बाजू चाचणीत ३० किलो आली. गुणोत्तर १.६. गुणोत्तर १ च्या खाली असेल तर दगड आम्ल करणार असं धरतात, २ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधला पट्टा संशयाचा. आपला नमुना नेमका त्या पट्ट्यात अडकला, आणि खऱ्या प्रकल्पांत असे नमुने डोकेदुखी व्हावी इतके असतात.

इथे अनुभव उपयोगी पडतो. चाचणीत ३० किलो आलं खरं, पण ते कोणत्या खनिजामुळे? कॅल्साइट असेल तर उत्तम, ते आम्लाशी झटपट क्रिया करतं. सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, असेल तर प्रयोगशाळेतल्या चाचणीत ते आम्ल शमवताना दिसू शकतं. प्रत्यक्षात त्यातून सुटलेलं लोह पुढे ऑक्सिडीकृत होऊन तेवढंच आम्ल परत देतं. निव्वळ फायदा शून्य. आणि सिलिकेट खनिजं असतील तर ती शमवतात, पण इतक्या संथपणे की तोवर आम्ल ओढ्यात पोहोचलेलं असतं. त्यामुळे चांगला तज्ज्ञ गुणोत्तर वाचण्याआधी खनिजांचा अहवाल मागतो. तो अहवाल केलेलाच नसेल तर आकड्यांचं पान बाजूला ठेवतो.

दुसरी पायरी वेळेची. ह्युमिडिटी सेल नावाची एक चाचणी असते. साधारण एक किलो चुरलेला दगड नळकांड्यात भरतात. आठवड्यात तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा, सातव्या दिवशी पाण्याने धुवायचं आणि त्या धुवणाचं पृथक्करण करायचं. पुन्हा पहिल्यापासून. निदान २० आठवडे, आणि खरं उत्तर हवं असेल तर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. आठवड्याला किती सल्फेट सुटतं यावरून पायराइट किती वेगाने झिजतंय ते कळतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवरून शमवणारी खनिजं किती वेगाने संपतायत ते कळतं. दोन्ही वेगांची तुलना केली की आम्ल कधी सुरू होईल याचा अंदाज बांधता येतो. कधी दोन वर्षांनी, कधी वीस वर्षांनी. या मधल्या शांत काळावर माणसं फसतात. दहा वर्षं ढिगाऱ्यातून चांगलं पाणी येतंय, म्हणजे पुढेही येईल, हा निष्कर्ष सरळ चुकीचा असू शकतो. आतला चुना संपेपर्यंतचीच ती शांतता असते.

आता यातली अडचण उघड आहे. प्रयोगशाळेत एक किलो बारीक दगड, ठरावीक तापमान, दर आठवड्याला ठरावीक धुणं. प्रत्यक्षात शंभर मीटर उंचीचा ढिगारा, त्यात मोटारीएवढे धोंडे आणि पीठही, आत ऑक्सिडीकरणाने तापलेले भाग, पाणी सगळीकडून सारखं न झिरपता काही वाटांनीच धावतं. म्हणून प्रयोगशाळेतला वेग ढिगाऱ्याला लावताना कमी करणारे गुणक वापरतात, आणि ते गुणक कुठून आणले हा प्रत्येक तपासणी बैठकीतला सर्वात तापलेला विषय असतो. माझ्या मते अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच, आणि ते बहुधा परिशिष्टात दडवलेलं असतं. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष जागेवर काही टनांचे, अगदी काहीशे टनांचे चाचणी ढीग रचून त्यांचं पाणी मोजतात. खर्चिक काम आहे, पण वाद मिटवायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

बाटली भरण्याच्या अलीकडे-पलीकडे

खाण सुरू होण्याआधी तिथलं पाणी कसं होतं, याची नोंद म्हणजे बेसलाइन. निदान एक पूर्ण वर्ष, शक्यतो दोन, सगळे ऋतू धरून. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच त्यात काटकसर केली जाते. नंतर वाद झाला की मात्र सगळे पहिल्यांदा तीच फाइल उघडतात. खनिज जिथे असतं तिथलं पाणी मुळातच थोडं धातूयुक्त असू शकतं. कित्येक खनिजसाठे तर अशा गंजक्या ओढ्यांवरूनच सापडले आहेत. आधीची नोंद नसेल तर निसर्गाचा वाटा किती आणि खाणीचा किती, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. गावालाही नाही आणि कंपनीलाही नाही.

नमुना घेण्यातल्या चुका बारीक असतात आणि आकडे पार उलटे करतात. विरघळलेला धातू मोजायचा तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळायचं आणि मग त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी आम्ल घातलं, की गाळाला चिकटलेले धातू सुटून पाण्यात येतात आणि नदी आहे त्यापेक्षा वाईट दिसते. सामू तिथल्या तिथेच मोजायचा. बाटली प्रवासात असताना तो बदलतो. उन्हापासून संरक्षणासाठी हातांना चोळलेल्या क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, म्हणजे जस्त, आणि नमुन्यात जस्त अब्जांश भागांत मोजायचं असतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपमधून उपसलेल्या भूजलाचं तेच. यासाठी प्रत्येक फेरीत काही बाटल्या शुद्ध पाण्याने भरून, बाकी सगळे सोपस्कार तसेच करून, त्याही प्रयोगशाळेत पाठवतात. त्या कोऱ्या बाटल्यांत जस्त निघालं तर सगळी फेरी संशयाखाली येते.

अहवाल आला की वरिष्ठाची नजर काही ठरावीक जागी आधी जाते. पाण्यातल्या धन आणि ऋण भारित घटकांची बेरीज जुळली पाहिजे. पाच-दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काहीतरी चुकलंय. गाळलेल्या नमुन्यातला धातू न गाळलेल्यापेक्षा जास्त निघाला तर बाटल्यांची अदलाबदल झाली किंवा फिल्टर दूषित होता. आणि ‘आढळलं नाही’ हे शब्द दिसले की लगेच विचारायचं, किती पातळीपर्यंत शोधलं? पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेची शोधमर्यादाच ५० असेल तर ‘आढळलं नाही’ याला काडीचाही अर्थ नाही.

मर्यादांबद्दल थोडं. कोणत्या मर्यादेशी तुलना करायची हा वाटतो तितका सरळ प्रश्न नाही. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २००७ च्या खाणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत बाहेर सोडायच्या पाण्यासाठी सामू ६ ते ९, तांबं लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम, जस्त ०.५, आर्सेनिक ०.१ अशा मर्यादा आहेत. पण त्या नळीच्या तोंडाशी लागू होणाऱ्या. नदीत मोठा प्रवाह असेल तर त्या पुरेशा ठरतात, छोट्या ओढ्यात अजिबात नाही. माशांसाठी तांब्याचा धोका तर पाण्याच्या जातीवरच अवलंबून असतो : जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात किंवा भरपूर सेंद्रिय पदार्थ असलेल्या पाण्यात तांबं बरंचसं निष्प्रभ होतं, तर हलक्या, निवळशंख पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही त्यांना बाधतात. तोच आकडा एका नदीत ठीक आणि दुसऱ्या नदीत घातक. नियम एकच असला तरी तज्ज्ञाला हे वेगळं सांगावं लागतं.

किती पाणी, कुठून, कधी

धातूचं प्रमाण हा भागाकार आहे. वर दगडातून सुटलेला धातू, खाली त्यात मिसळलेलं पाणी. म्हणून पाण्याचा ताळेबंद कच्चा असेल तर वरचं सगळं रसायनशास्त्र वाया जातं. पाऊस, बाष्पीभवन, खड्ड्यात पाझरणारं भूजल, कारखान्यात वापरून परत फिरवलेलं पाणी, गाळात अडकून पडलेलं पाणी या सगळ्यांचा महिन्याचा, काही ठिकाणी रोजचा हिशेब मांडतात. मग प्रत्येक प्रवाहाला रासायनिक घटक जोडतात, मिसळल्यावर कोणती खनिजं खाली बसतील हे ‘फ्रीक’सारख्या संगणक प्रणालीवर तपासतात. ही प्रणाली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बनवलेली, सर्वांना मोफत मिळणारी आहे.

निकाल एका आकड्यात सांगणाऱ्यापासून सावध राहावं. प्रामाणिक अंदाज पट्ट्यात येतो : साधारण वर्षात इतकं, अतिकोरड्या वर्षात इतकं, लागोपाठ दोन ओल्या वर्षांत इतकं. सरासरी वर्षाचा आकडा दाखवून परवानगी मिळवणं सोपं असतं. मासे मात्र सरासरी वर्षात मरत नाहीत. कोरड्या महिन्यांत नदी आटते आणि ढिगाऱ्यातला पाझर चालूच राहतो तेव्हा, किंवा लांब कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसात साठलेले क्षार एकदम धुऊन निघतात तेव्हा पेच पडतो.

हे अंदाज कितपत खरे ठरतात? २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका तुलनेत धातूच्या २५ खाणींचे परवानगीच्या वेळचे अंदाज आणि नंतर प्रत्यक्षात मोजलेलं पाणी शेजारी-शेजारी ठेवलं गेलं. सुमारे तीन-चतुर्थांश खाणींत पाण्याने मर्यादा ओलांडल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आधी सांगितलं होतं की उपाययोजना केल्यावर मर्यादा पाळल्या जातील. चुका गणिताच्या कमी आणि गृहीतकांच्या जास्त होत्या : नमुने थोडे, भूजलाची माहिती अपुरी, उपाययोजना कागदावर शंभर टक्के काम करणार असं धरलेलं. या क्षेत्रातल्या प्रत्येक नव्या माणसाला मी आधी हा निष्कर्ष समजून घ्यायला सांगेन आणि मग संगणक प्रणाली शिकायला.

रसायनाला पाणी हवं, बांधाला नको

पायराइटला आवरायचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला हवा मिळू न देणं. एक लिटर हवेत जवळपास २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात विरघळून राहतो तो आठ ते दहा मिलिग्रॅम, आणि पाण्यातून त्याचा प्रसार हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट संथ होतो. म्हणजे सल्फाइडयुक्त दगड किंवा गाळ पाण्याखाली बुडवून ठेवला की आम्ल जवळजवळ थांबतं. रसायनाच्या दृष्टीने यापेक्षा सोपा उपाय नाही.

पण खनिज काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ, ज्याला टेलिंग्ज म्हणतात, तो बांधाआड साठवलेला असतो. त्यावर पाणी कायम उभं ठेवायचं म्हणजे बांधावर कायमचा दाब आणि बांध फुटलाच तर गाळ वाहून न्यायला पाणी आयतं तयार. ४ ऑगस्ट २०१४ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या माउंट पॉली खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ खालच्या ओढ्यातून क्वेनेल तलावात गेला. चौकशी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञगटाने जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की गाळावर पाणी ठेवण्याची पद्धत बांधाच्या मजबुतीच्या विरोधात जाते. आता यात पाण्याच्या तज्ज्ञाने काय करायचं? त्याला पाणी हवं, बांधाच्या इंजिनिअरला नको. हा वाद खरा आहे आणि दोघांचीही बाजू बरोबर आहे.

तोडगे निघतात, पण लवकर बोललं तरच. कारखान्यातच पायराइट वेगळं काढून ते थोडकं घातक द्रव्य रिकाम्या झालेल्या खड्ड्यात भूजलपातळीखाली पुरता येतं आणि उरलेला मोठा निरुपद्रवी गाळ पाणी काढून, दाबून, कोरडा रचता येतो. आम्ल करणारा आणि न करणारा दगड खणतानाच वेगळा करता येतो. त्यासाठी खाणीच्या त्रिमितीय आराखड्यात प्रत्येक ठोकळ्याला धातूच्या टक्क्यांसोबत गंधक आणि कार्बोनेटचे टक्केही जोडावे लागतात. डंपर चालवणाऱ्याला रोज कळलं पाहिजे की हा माल डावीकडे, तो उजवीकडे. कागदावर हे सुरेख दिसतं. रात्रपाळीत, धुक्यात, टनांचं उद्दिष्ट गाठायच्या घाईत चुकीचा माल चुकीच्या ढिगाऱ्यावर जातो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ अधूनमधून ढिगाऱ्यावरूनच नमुने घेऊन वर्गीकरण पाळलं जातंय का हे बघतो.

चुना, आणि खाण बंद झाल्यानंतरची वर्षं

पाणी बिघडलंच तर ते शुद्ध करता येतं. सर्वात रुळलेली पद्धत चुन्याची : चुना घालून सामू ९ ते १० पर्यंत न्यायचा, धातूंचे हायड्रॉक्साइड होऊन साका खाली बसतो, वरचं पाणी काढून घ्यायचं. पण सगळे धातू एकाच सामूला खाली बसत नाहीत. लोह लवकर बसतं, जस्त आणि कॅडमियमला वरचा सामू लागतो, ॲल्युमिनियम मध्येच बसतं आणि सामू फार वर गेला तर पुन्हा विरघळतं. सल्फेटचं तर चुन्याने फारसं काही होत नाही : जिप्सम म्हणून थोडं खाली बसतं आणि लिटरमागे साधारण १,५०० ते २,००० मिलिग्रॅमवर अडतं. त्याखाली जायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिससारख्या महागड्या पद्धती, आणि त्यातून उरणाऱ्या खारट द्रावाचं करायचं काय हा नवा पेच. साक्याचंही तेच. तो दरवर्षी तयार होतो आणि त्याला दरवर्षी जागा लागते.

खाण वीस वर्षं चालते. आम्ल शेकडो वर्षं येऊ शकतं. मोंटाना राज्यातल्या ब्यूट शहरालगतची बर्कली पिट ही तांब्याची खाण. १९८२ मध्ये पंप बंद झाले आणि प्रचंड खड्डा भूजलाने भरत गेला. पाणी आम्ल आणि धातूंनी भरलेलं. १९९५ मध्ये वादळात तिथे उतरलेले तीनशेहून अधिक हिमहंस मेले, २०१६ मध्ये पुन्हा काही हजार. पाण्याची पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली तर ते आसपासच्या भूजलात शिरेल, म्हणून २०१९ पासून तिथलं पाणी उपसून शुद्ध करणं सुरू आहे, आणि ते कधी थांबवता येईल असं कुणी म्हणत नाही.

भूमिगत खाणीत पंप थांबवण्याचा क्षण तर विशेष नाजूक. बोगद्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं साठलेले क्षार वर चढणाऱ्या पाण्यात एकदम विरघळतात. कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. जानेवारी १९९२ मध्ये साठलेलं सुमारे पाच कोटी लिटर पाणी एका जुन्या बोगद्यातून फुटून बाहेर आलं आणि फाल नदीच्या खाडीत नारिंगी पट्टा पसरला. पाणी वर चढतंय हे माहीत होतं, ते बाहेर कुठून आणि कधी येईल याची तयारी पुरली नाही. कोलोराडोतल्या गोल्ड किंग खाणीत ५ ऑगस्ट २०१५ रोजी जे झालं ते वेगळ्या वाटेने : जुन्या बोगद्याचं तोंड तपासताना आतलं साठलेलं पाणी सुटलं, सुमारे १.१ कोटी लिटर, आणि ॲनिमस नदी पिवळी-नारिंगी झाली. ते काम खुद्द अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या वतीने चालू होतं.

म्हणून परवानगीच्या वेळीच सरकारं कंपनीकडून हमीची रक्कम मागतात, म्हणजे कंपनी बुडाली तरी शुद्धीकरण चालू राहील. ती किती असावी याचं गणितही जलगुणवत्ता तज्ज्ञाच्या अंदाजावरच उभं असतं : किती पाणी, कशा प्रतीचं, किती वर्षं. अंदाज गुलाबी असेल तर हमी तोकडी पडते आणि बिल करदात्यांकडे येतं.

वरिष्ठ म्हणजे काय

रसायनशास्त्र, भूजलशास्त्र, भूविज्ञान यांपैकी कुठल्याही वाटेने माणूस या कामात येतो. पहिली काही वर्षं नमुने, तक्ते, मॉडेल चालवणं यात जातात. पंधरा-वीस वर्षांनी कामाचं स्वरूप बदलतं. तो अर्ध्या जगातल्या खाणींचे अहवाल वाचून ‘इथे नमुने कमी आहेत’, ‘हा दगड मी दुसरीकडे पाहिलाय, याला आम्ल सुरू व्हायला सात वर्षं लागली होती’ असं म्हणू शकतो. परवानगी देणाऱ्या कार्यालयापुढे अंदाजाची बाजू मांडतो. कंपनीच्या बैठकीत, सगळे खूश असताना, चाचणीच्या तिसाव्या आठवड्यात सामू घसरायला लागल्याचा आलेख पुढे ठेवतो. ही बातमी देण्याची वेळ फार महत्त्वाची असते. ढिगाऱ्याची जागा ठरण्याआधी दिली तर आराखडा बदलतो. दगड रचल्यावर दिली तर एक शुद्धीकरण केंद्र वाढतं.

खाणीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांशी बोलणं हा याच कामाचा भाग, आणि तिथे आलेखांचा उपयोग कमी. त्यांचे प्रश्न थेट असतात. विहिरीचं पाणी प्यायचं का? मासे खायचे का? जनावरं पाजायची का? यांची उत्तरं होय, नाही किंवा ‘अमुक तारखेला निकाल आल्यावर सांगतो’ अशीच द्यावी लागतात, आणि तिसरं उत्तर दिलं असेल तर त्या तारखेला परत यावं लागतं. काही ठिकाणी गावकऱ्यांनी निवडलेली माणसं नमुने घेताना सोबत असतात, एकाच जागेचं पाणी दोन बाटल्यांत भरलं जातं आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांत जातं. खर्च थोडा वाढतो, आकड्यांवरचा विश्वास बराच वाढतो.

एखाद्या खाणीचा पर्यावरण अहवाल कधी हाती आला तर पाण्याच्या प्रकरणात आधी एवढं शोधा : दगडाचे नमुने किती आणि ते खड्ड्याच्या सगळ्या भागांतले आहेत का, ह्युमिडिटी सेल किती आठवडे चालल्या आणि आकडे अजून बदलत असतानाच त्या थांबवल्या का, कोरड्या महिन्यातला नदीचा प्रवाह कुठला धरला, आणि खाण बंद झाल्यावर शुद्धीकरण किती वर्षं चालेल असं लिहिलंय. शेवटच्या जागी वर्षांचा आकडा नसून ‘आवश्यकतेनुसार’ असा शब्द असेल, तर त्या शब्दाचा खर्च हमीच्या रकमेत धरलाय का, हे सुनावणीत विचारता येतं.